पात्यावरची देवी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आज्जी देवघराच्या कोनाड्यातून तलवार खाली काढायला लावायची. पूजेचा मान घरातल्या कर्त्या माणसाचा, पण घासायचं काम आम्हा पोरांचं. भिजवलेली चिंच, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी एवढं साहित्य. मुठीपासून वीतभर अंतरावर पात्यावर पिवळ्या बारीक रेघांची एक आकृती होती. खाली सिंह, त्याच्यावर बसलेली देवी, तिच्या डोक्यावर छत्री. मला ती जागा फार आवडायची. ती लखलखीत दिसावी म्हणून मी तीच जास्त घासायचो, हात दुखेपर्यंत. आज तिथं सिंहाची शेपटी, एक मागचा पाय आणि छत्रीचा दांडा एवढंच उरलंय. बाकीची देवी माझ्या हातानं गेली.

*

त्या पिवळ्या रेघा सोन्याच्या होत्या, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

या कामाला कोफ्तगरी म्हणतात. पोलादाचा पृष्ठभाग तापवून, टोकदार सुरीनं त्यावर उभ्या-आडव्या-तिरप्या अगदी बारीक रेघा ओढतात, इतक्या की तो भाग खरखरीत होतो. मग केसासारखी सोन्याची तार नक्षीच्या वळणानं त्यावर मांडत हलक्या हातोडीनं ठोकत जायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायची. सोनं पोलादात शिरत नाही, त्या खरखरीला नुसतं धरून असतं. दुसरा प्रकार तहनिशांचा. त्यात छिन्नीनं खोल चर काढून जाड तार आत ठोकून बसवतात. ते काम शेकडो वर्षं जागचं हलत नाही. कोफ्तगरीचं तसं नाही. कापडानं पुसली तर ती पिढ्यान् पिढ्या राहते, राखेनं घासली तर एका पिढीत जाते.

चिंचेची वेगळीच गोष्ट. चिंच पितळेला उजळवते, पोलादाला खाते. दसऱ्याला तलवारीवर लिंबू कापायची चाल आहे, ते पातं पुसायचं राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी तिथं काळा डाग असतोच.

*

तुळजापूर आमच्यापासून जवळ. तिथल्या देवीच्या आठ हातांत काय आहे, हे लहानपणी आम्हाला तोंडपाठ होतं. त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आणि दैत्याची शेंडी. पाठीवर बाणांचा भाता. ही यादी कितीतरी वर्षं म्हणत आलो आणि एक दिवस दर्शनाच्या रांगेत उभा असताना लक्षात आलं की यात तलवार नाही. ढालही नाही. साऱ्या महाराष्ट्राच्या मनात जी देवी राजाला तलवार देते, तिच्या आठ हातांच्या या नेहमीच्या यादीत पात्याचं शस्त्र म्हणून आहे तो बिचवा, विंचवाच्या नांगीसारखा वाकडा.

मला याचं उत्तर सापडलं असं वाटतं. तलवार तिनं देऊन टाकली आहे.

*

सप्तशतीत देवांनी देवीला शस्त्रं दिल्याचा प्रसंग आहे. शंकराचा शूल, विष्णूचं चक्र, वरुणाचा शंख, वायूचं धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राचं वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा. तलवार आणि ढाल मात्र यांपैकी कुणी दिली नाही. ती काळानं दिली.

ढालीला तिथं शब्द आहे ‘चर्म’. कातडं. मूर्तिशास्त्रात खड्ग आणि खेटक अशी जोडी येते, पण जुन्या पोथीतला हा ‘चर्म’ मला जास्त खरा वाटतो. ढाल पोलादाची व्हायच्या कितीतरी आधी ती कातड्याची होती आणि नंतरही बरीच वर्षं कातड्याचीच राहिली.

*

आमच्या घरी ढालही होती. माळवदाच्या घरात ज्वारीचं पेव होतं, त्याच्या तोंडाशी धान्य उपसायला ती ठेवलेली असायची. काळी, जड, हातभर रुंद, पालथी घातली तर पाण्याचा थेंब आत शिरणार नाही अशी घट्ट. उन्हात धरली की कडेला तिचा रंग मधासारखा दिसायचा. ते गेंड्याचं कातडं. गेंड्याचं कातडं कमावून, साच्यावर ताणून, वाळवून, तासून वरून रोगण चढवलं की कडेचा पातळ भाग उजेडात असा दिसतो. 

ढालीच्या तोंडावर धातूची चार फुलं असतात. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटतात. खरं म्हणजे आत मुठीच्या दोन कड्या असतात, त्या कड्यांचे खिळे कातड्यातून बाहेर येतात आणि त्या खिळ्यांची डोकी झाकायला ही फुलं. कड्यांच्या मागं हाताची बोटं ठेचू नयेत म्हणून मखमलीची छोटी गादी. मिरवणुकीच्या ढाली करणाऱ्यांनी मग याच फुलांवर आपली कला केली. कुठं सूर्य, कुठं गणपती, कुठं कमळात बसलेली लक्ष्मी. वार अडवायच्या वस्तूवर देव बसवायची जागा मुळात चार खिळ्यांनी ठरवून दिली, हे मला फार सुंदर वाटतं.

आमच्या ढालीची तीन फुलं गेली होती. चौथ्यावर चंद्रकोर होती. नंतर ते घर पडलं आणि ढाल एका फिरत्या भंगारवाल्याकडे गेली. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो.

*

‘ढाल’ या शब्दाचा जुन्या मराठीत आणखी एक अर्थ आहे, सैन्याचं मोठं निशाण. ते निशाण ज्या हत्तीवर चाले तो ढालगज. अंगाची राखण करणारी ती ढाल आणि फौजेला आपली जागा दाखवणारी तीही ढाल.

*

नवरात्रात तुळजापुरात देवीच्या अलंकार महापूजा मांडतात. रथ अलंकार, मुरली, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. भवानी तलवार पूजेच्या दिवशी देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे असा देखावा उभा करतात. भोपे पुजारी रात्रभर खपतात. मी अनेकदा पाहिली ही पूजा. माणसं त्या क्षणी ओरडत नाहीत. संबळ चालू असतो, परडी हातात धरलेल्या आराधी बायका उभ्या असतात आणि रांग पुढे सरकायचं विसरते.

इतिहासकार म्हणतात हा देखावा पुढच्या काळातला, आणि देवीनं प्रत्यक्ष हातात दिलेली तलवार अशी काही वस्तू नव्हती. त्यांचं म्हणणं वस्तूपुरतं बरोबर आहे. पण ही कल्पना कॅलेंडरवाल्यांनी काढलेली नाही. परमानंदाचं ‘शिवभारत’ महाराजांच्याच काळातलं काव्य. त्यात अफझलखानाच्या प्रसंगाआधी तुळजादेवी महाराजांना दर्शन देते आणि आपण स्वतःच तुझी तलवार झालो आहोत असं सांगते. देण्याघेण्याचा प्रश्नच तिथं उरत नाही. तिथं देवी पात्यावर कोरलेली नाही, हातात धरलेलीही नाही. पातंच देवी आहे.

अलीकडे तुळजापुरात देवी महाराजांना तलवार देते आहे असं मोठं शिल्प उभारायचं ठरलं तेव्हा देवी आठ हातांची दाखवायची की दोन, यावर बराच वाद झाला. मूर्ती अष्टभुजा आहे, तेव्हा शिल्पही अष्टभुजाच असावं असं माझं स्पष्ट मत.

*

शस्त्रं धरलेली ही देवी वर्षातून तीनदा निजते. नवरात्राआधीची घोर निद्रा, दसऱ्यानंतरची श्रम निद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीची मोह निद्रा. मूर्ती चल आहे, सिंहासनावरून उचलून पलंगावर ठेवतात. दसऱ्याच्या पहाटे १०८ साड्यांचं दिंड गुंडाळून तिला पालखीत बसवतात. शिलंगण होतं आणि मग ती पौर्णिमेपर्यंत झोपते. लढून आलेल्या बाईला निजू द्यायचं, तिला त्या दिवसांत उठवायचं नाही. तिच्या शस्त्रांपेक्षा मला ही झोप जवळची वाटते.

*

साताऱ्याला दसऱ्याच्या दिवशी तलवार पालखीत बसते. राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यात पूजा झालेली भवानी तलवार पालखीतून पोवई नाक्यापर्यंत जाते. तिच्यावर देवीचं चित्र नाही. त्याची गरजही कुणाला वाटत नाही.

*

कोल्हापूरच्या ‘जगदंबा’ तलवारीची हकिगत पुन्हा एकदा लिहून ठेवतो, कारण लोक तिची आणि भवानीची गल्लत करतात.

१८७५ च्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला. संस्थानिकांनी त्याला नजराणे दिले. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, वयानं लहान, कारभार इंग्रजांच्या नजरेखाली. त्यांच्याकडून जी शस्त्रं दिली गेली त्यांत ही तलवार होती. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात लंडनला आहे. मुठीवर सोन्याचं काम, हिरे आणि माणकं. १९८० मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी ती परत आणण्याची भाषा केली तेव्हा वर्तमानपत्रांत ती ‘भवानी तलवार’ झाली आणि ती गल्लत अजून चालू आहे.

पण मला थांबवते ती दुसरीच गोष्ट. या तलवारीचं पातं युरोपात घडलेलं आहे, ज्याला आपण फिरंग म्हणतो. त्या पात्याच्या चरात ‘आय एच एस’ ही अक्षरं तीन वेळा उमटवलेली आहेत. ही येशूच्या नावाची खूण. तिकडच्या लोहारानं आपल्या देवाचं नाव घातलं, पातं समुद्र ओलांडून आलं, इथल्या कारागिरानं त्याला आपली मूठ चढवली आणि धन्यानं तिला जगदंबा म्हटलं. ती अक्षरं कुणी घासून काढली नाहीत. पातं चांगलं आहे ना, मग ते आपल्या देवीचं. अशी त्या लोकांची समज होती आणि ती आपल्यापेक्षा मोठी होती.

*

महाराष्ट्रातल्या जुन्या लढाऊ तलवारींवर देवांची चित्रं फारशी भेटत नाहीत. देवी नावात असते. तुळजा, भवानी, जगदंबा. पात्यावर फार तर मालकाचं नाव, एखादी ओळ, एखादी सोन्याची वेल. देवादिकांनी भरलेल्या मुठी आणि ढाली पाहायच्या तर दक्षिणेत जावं लागतं, आणि तिथंही वाट तुळजापुरावरूनच जाते.

*

तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथं राज्य केलं आणि त्यांचा वंश १८५५ पर्यंत त्या गादीवर होता. त्यांच्या दोन राजांचं नाव तुळजाजी. कावेरीच्या काठी जन्मलेल्या राजपुत्राला बालाघाटच्या डोंगरातल्या देवीचं नाव ठेवायचं, हे घराणं काही पिढ्यांनंतरही विसरलं नाही. सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या वंशाचा इतिहास कोरून घेतला तोही मराठीत.

या तंजावरच्या शस्त्रागारातल्या वस्तू म्हणजे शिल्पकामच. पोलाद कोरून केलेली कट्यारीची मूठ, तिच्यावर याळी, मकर, पोपट. हत्तीच्या अंकुशावर देवता. तिकडच्या देवळांच्या खांबांवर जे दिसतं तेच मुठीवर. देऊळ घडवणारा आणि हत्यार घडवणारा एकाच शाळेत शिकलेले असावेत असं वाटतं. रॉबर्ट एलगुड यांनी २००४ साली हिंदू शस्त्रं आणि त्यांचे विधी यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या वस्तूंना भरपूर जागा आहे.

राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी हे शस्त्रागार मोकळं केलं. १८६३ च्या सुमारास त्यातला मोठा भाग लोखंडाच्या भावानं मोडीत गेला. थोडा निवडून मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला मिळाला, तो चेन्नईत एग्मोरला पाहता येतो. मी त्या दालनात उभा होतो तेव्हा मला आमची ढाल आठवली. भंगारवाल्याला वस्तू कुठली आणि कुणाची हे कळत नाही, मग तो इंग्रज सरकारचा असो की हातगाडीवरचा.

*

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात रामायण-महाभारताचे प्रसंग उठवलेल्या भल्या मोठ्या पितळी ढाली आहेत. काम थक्क करणारं, एकेका ढालीत शेकडो आकृती. पण त्या कधी हातात धरायच्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, प्रदर्शनं सुरू झाली आणि शस्त्रकारांना पोट होतं. देवांनी भरलेल्या ज्या तलवारी-ढाली आज बाजारात ‘पुरातन’ म्हणून येतात त्यांतल्या पुष्कळ या काळातल्या. यात कमीपणा काही नाही. लढायला केलेली नसली तरी कारागिराचा हात खोटा नव्हता.

*

खोट्या वस्तू वेगळ्या. त्या ओळखायला मला एका जुन्या शिकलगारानं शिकवलं. हातानं कोरलेल्या रेघेची खोली कमीजास्त असते, वळणावर छिन्नी थांबलेली कळते. आम्लानं खाल्लेली नक्षी सगळीकडे सारख्या खोलीची आणि कडेला मऊ. जुन्या तलवारीच्या मुठीत पात्याची शेपटी लाखेनं घट्ट बसवलेली असते, नव्याला खिळा किंवा चक्क झाळण. जुना गंज तपकिरी आणि आत मुरलेला, नवा केलेला गंज नारंगी आणि बोटाला लागणारा. आणि शेवटी तो म्हणाला, ‘दादा, देव बघा. खोट्या तलवारीवरच्या देवाला डोळे नसतात, नुसती टिंबं असतात.’

*

परंडा, आमच्याच जिल्ह्यातलं. भुईकोट किल्ला, खंदकात पाणी, बुरुजांवर तोफा. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ आधी याच किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद रूमी यानं ती ओतली, पुढे परंड्याला आली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवानं विजापूरला नेली. वजन पन्नास टनांच्या वर. तिचं तोंड सिंहाचं आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे.

आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या या तोफेचा विचार मी तलवारीच्या बाजूला ठेवून करतो. तोफेवर प्राणी आहे, शत्रूला दाखवायला. तलवारीवरची आकृती मुठीजवळ असते, एवढीशी, धरणाऱ्यालाच दिसेल अशी. लढाईत ती शत्रूच्या नजरेला पडायची नाही. ती त्याच्या स्वतःसाठी होती.

*

खंडेनवमी, खंडा, खंडोबा. तिन्ही शब्दांत सरळ, दुधारी पातं आहे. तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर या दोन ठिकाणी खंडोबाची देवळं आहेत आणि दोघांत मूर्ती एकच. वर्षातले दहा महिन्यांहून जास्त देव अणदुरात राहतो आणि उरलेले पावणेदोन महिने मैलारपुरात. नेताना-आणताना दोन्ही गावांत रीतसर करार होतो. देवाच्या हातात खंडा आहेच.

जेजुरीच्या दसऱ्याला पानसे सरदारांनी वाहिलेला ४२ किलोंचा खंडा तरणी पोरं एका हातानं तोलून धरतात, काही जण दातांनी उचलतात. तिथं शस्त्र पुजायचं म्हणजे ते पेलायचं.

आता आमच्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टर, बोअरची मोटर, शिवणयंत्र, संगणक सगळ्यांची पूजा होते. ते योग्यच आहे. ज्यानं पोट भरतं ते शस्त्र.

*

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. पाच दिवसांत आमच्यावरचं निजामाचं राज्य संपलं. त्या वर्षी आणि त्यानंतर या भागातल्या घरांतून शस्त्रं नाहीशी झाली. काही रझाकारांच्या भीतीनं आधीच लपवलेली, काही नंतर पोलिसांच्या भीतीनं. म्हातारी माणसं सांगायची, कुणी आडात टाकली, कुणी माळवदाच्या मातीत पुरली, कुणी लोहाराला देऊन विळे-खुरपी करून घेतली. माळवदं पाडून स्लॅब टाकायला सुरुवात झाली तेव्हा त्या मातीतून पाती निघायला लागली. गंजलेली, मूठ तुटलेली. बहुतेक मुरमाबरोबर रस्त्यात गेली.

*

याच निजामाच्या मुलखात, तेलंगणातल्या कोनासमुद्रम इथं एकेकाळी जौहरदार पोलाद व्हायचं. त्याच्या वड्या इराणपर्यंत जात. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असते. ती कुणी काढलेली नसते, धातूच्या पोटातलीच. सँडपेपर फिरवला की ती दिसेनाशी होते आणि पातं नुसतं चकचकीत पत्र्यासारखं दिसतं. लोक त्याला ‘स्वच्छ केली’ म्हणतात.

*

२९ एप्रिल २०२५ ला लंडनच्या सदबीज लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली. महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. पातं युरोपातलं, मूठ आपली, त्यावर सोन्याचं काम. पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब, शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. ती तलवार नागपूरकरांची आहे हे आज ठामपणे सांगता येतं ते त्या सोन्याच्या अक्षरांमुळे. पिढीभर दर दसऱ्याला कुणी राखेनं घासली असती तर ती एक बेनावाची फिरंग झाली असती.

सातासमुद्रापलीकडची तलवार परत आणली याचा आनंद मलाही झाला. त्या रात्री मी आमची तलवार खाली काढून बराच वेळ तो सिंहाचा पाय बघत बसलो होतो.

*

तेर. जुनं नाव तगर, रोमशी व्यापार करणारं सातवाहनकाळचं शहर, गोरोबाकाकांचं गाव. तिथं रामलिंगप्पा लामतुरे नावाचे व्यापारी राहत. पावसाळ्यात पांढरीची माती वाहून गेली की मडकी, मणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लोक त्या पोरांना खेळायला देत. लामतुरे यांनी त्या जमवल्या, विकत घेतल्या, सांभाळल्या आणि शेवटी सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथं उभं आहे. हस्तिदंताची जी बाहुली बघायला परदेशातून अभ्यासक येतात ती या एका माणसाच्या नजरेमुळे वाचली.

शस्त्रांसाठी आमच्या जिल्ह्यात असा माणूस झाला नाही. व्हायला हवा होता.

*

कायद्याबद्दल थोडं, कारण लोक विचारतात. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा दाराशी येऊन ‘जुनी हत्यारं, ढाली, समया घेतो’ म्हणणाऱ्या माणसाला परवाना विचारायचा हक्क तुमचा आहे.

*

‘तलवार परजणे’ आपण अजून म्हणतो. पण मुठीवर बोटांच्या आडोशाला येणाऱ्या भागाला परज म्हणतात हे सांगणारी माणसं आता गावात उरली नाहीत. म्यानाच्या टोकाच्या धातूच्या टोपीला तहनाळ म्हणतात, हेही मी एका म्हाताऱ्या शिकलगाराकडूनच ऐकलं. वस्तू राहते आणि तिचे शब्द जातात, मग ती वस्तूही परकी होते. म्हणून हे दोन शब्द इथं लिहून ठेवले.

*

आमच्या तलवारीचं पुढं काय केलं तेही लिहितो. संग्रहालयात काम केलेल्या एका जाणकाराला दाखवली. त्यानं भिंगातून बघून सांगितलं, सोनं गेलं तरी खालच्या खरखरीत रेघा काही जागी शिल्लक आहेत. तिरपा उजेड टाकला की देवीच्या खांद्याची आणि एका हाताची कड दिसते. त्यानं तसा उजेड टाकून फोटो काढला. त्या हातात काहीतरी गोल आहे. ढाल असावी.

पुन्हा सोनं चढवून देणारे कारागीर आहेत, पण मी ते केलं नाही. जे गेलं ते गेलं. जे आहे त्याला कोरड्या कापडात ठेवलंय.

*

तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा. यंदा खंडेनवमीला हत्यार खाली काढाल तेव्हा चिंच, राख, लिंबू आणि भांडी घासायची पावडर लांब ठेवा. मऊ, कोरड्या सुती कापडानं पुसा. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब कापडाला लावून पात्यावरून हात फिरवा, सोन्याची जागा सोडून. हळद-कुंकू पात्याला न लावता मुठीला बांधलेल्या फुलाला लावा, ओलं गंध राहिलं तिथं गंज धरतो. कातड्याच्या म्यानात वर्षभर कोंबून ठेवू नका, कातडं ओल धरतं. ढाल असेल तर ती भिंतीला टेकवून उभी न ठेवता पालथी ठेवा. दिवसाच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ती कुणाची, कुठून आली, हे फोटोमागे लिहा.

आणि कापड हातात घेण्याआधी मुठीपासून वीतभर जागा नीट बघा. तिथं एखादी पिवळी रेघ दिसली तर हात तिथंच थांबवा.